वाचकानं उघडलं की ग्रंथालय विकत घेतं: बडोद्यातल्या एका ई-पुस्तक सेवेबद्दल

मी बडोद्यात पीएचडी करतेय, विषय गुजरातमधल्या जुन्या वावांची, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींची, डागडुजी. आमच्या संस्थेच्या ग्रंथालयानं ई-पुस्तकं घेण्याची पद्धत बदलली, ती मी मनापासून वापरतेय, म्हणून हे लिहिते.

आधी विभागांकडून याद्या मागवायचे, याद्या समितीपुढे जायच्या, कोटेशनं यायची आणि मार्च संपायच्या आत खरेदी उरकायची. आता विक्रेत्याकडच्या हजारो पुस्तकांच्या नोंदी थेट कॅटलॉगमध्ये आहेत. पुस्तक ग्रंथालयाचं झालेलं नसतं, तरी शोधल्यावर सापडतं आणि उघडतं. पहिली पाच मिनिटं चाळायला पैसे पडत नाहीत, अनुक्रमणिका आणि शेवटची सूची हवी तेवढी पाहा. पुढे वाचत राहिलात, किंवा पानं उतरवून घेतलीत, की ग्रंथालयाला थोड्या दिवसांचं भाडं लागतं. अशी काही भाडी झाली की पुढच्या वाचकाच्या वेळी पुस्तक आपोआप खरेदी होतं. किंमत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर मात्र ग्रंथपालांची मंजुरी लागते.

मला चुन्याच्या गिलाव्यावरचं एक महागडं परदेशी पुस्तक हवं होतं. आमच्या विभागात हा विषय करणारी मी एकटीच, त्यामुळे यादीत त्याचा नंबर कधीच लागला नसता. दांडिया बाजारातल्या घरी रात्री जेवणं आटोपल्यावर लॉगिन केलं, ओलाव्यावरचं प्रकरण उघडलं आणि झोपेपर्यंत वाचत बसले. पुढे ते खरेदी झालं. नंतर कळलं की सिव्हिलची मुलंही तेच पुस्तक वापरताहेत. एका विभागाच्या यादीतून ही गाठ पडली नसती.

‘मुलं काहीही उघडतील, पैसे वाया जातील,’ असं आमच्याकडचे काही प्राध्यापक म्हणतात. मला हे पटत नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाचा १९७९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा: जाणकारांनी निवडून घेतलेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही कुणी घरी नेली नव्हती. निवडणारे हुशारच होते, पण पुढे कोण काय वाचेल हे आधी कुणाला सांगता येतं? ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ हा ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम मांडला. ही पद्धत त्या नियमाला धरूनच आहे.

आता तक्रारी. बरीच पुस्तकं एका वेळी एकाच वाचकासाठी घेतलेली असतात. परीक्षेच्या तोंडावर ‘सध्या दुसरा वाचक वापरत आहे’ असा संदेश वारंवार येतो. संगणकावरच्या पुस्तकासाठी रांगेत थांबायला लागणं मला फार खटकतं. दुसरं, पाठ्यपुस्तकं यात जवळपास नसतातच. २०१४ च्या सुमारास बऱ्याच मोठ्या प्रकाशकांनी भाड्याचे दर चढवले, तेव्हापासून ग्रंथालयांना हात आखडता घ्यावा लागतो. आणि ठेवलेला निधी संपला की न घेतलेल्या पुस्तकांच्या नोंदी एका रात्रीत कॅटलॉगमधून जातात. फेब्रुवारीत माझं अर्धवट वाचलेलं पुस्तक असंच दिसेनासं झालं. निदान आठ दिवस आधी सांगायला हवं होतं. मी विचारल्यावर ग्रंथपाल म्हणाले, “बेन, सूचना द्यायला हवी होती. पुढच्या वेळी लॉगिनच्या पानावर टाकतो.” सरकारी संस्थांपुरता संशोधन-नियतकालिकांचा प्रश्न केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेनं १ जानेवारी २०२५ पासून बराच सोपा केला. पुस्तकांचा खर्च मात्र ज्याचा त्यालाच उचलावा लागतो.

सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. या नोंदींत मराठी शोधा, गुजराती शोधा, हाती काही लागत नाही. विक्रेत्याकडेच ती पुस्तकं नाहीत, मग वाचकानं उघडायचं काय? आणि हे बडोद्यात! सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून इथं ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. १९१२ मध्ये इथून निघालेलं ग्रंथालयांचं नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत असायचं. फक्त क्लिकवर खरेदी ठरली तर या दोन भाषांची मागणी आकड्यांत कधी दिसणारच नाही. म्हणून निधीचा ठरावीक भाग छापील मराठी-गुजराती पुस्तकांसाठी वेगळा ठेवावा आणि तोही वाचकांच्या मागणीवरच खर्च करावा, असं मी लेखी दिलंय. उत्तराची वाट बघतेय.

पाचपैकी चार तारे. तुमच्याकडे अशी सेवा सुरू झाली असेल तर पुस्तक किती जणांना एकदम वाचता येतं ते आधीच विचारून घ्या, आणि लांबलचक वाचन दिवाळीनंतर लगेच काढा, निधी तोवर शिल्लक असतो.