खोली, वाट की भिंत : ड्रेसिंग रूम ठरवण्याआधी

घरात ड्रेसिंग रूम करावी का, असं कुणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट विचारते : तुमच्याकडे साडी नेसायला कुठे उभं राहतात? बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं. बेडरूमचं दार लावायचं, पलंगावर साडी पसरायची, कपाटाच्या आरशासमोर जेमतेम दोन-अडीच फुटांत उभं राहायचं आणि बाहेरून कुणी दार वाजवलं की "थांबा जरा" म्हणून ओरडायचं. कार्य असेल तर त्याच जागेत तिघी.

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण ड्रेसिंग रूमचे जे नकाशे आपण बघतो ते हँगरवरून कपडा काढून अंगात घालणाऱ्या माणसासाठी आखलेले असतात. दोन्ही बाजूंना कपाटं, मध्ये तीन फुटांची वाट. शर्ट-पँट घालायला तेवढं पुरतं. साडी साडेपाच मीटरची. निऱ्या घालताना कोपर बाहेर येतं, पदर मागे टाकताना हात पूर्ण लांबवावा लागतो आणि निऱ्या खालून सारख्या करायला कुणीतरी समोर गुडघ्यांवर बसलेलं असतं. या सगळ्याला साधारण ५ बाय ५ फूट मोकळी जमीन लागते. नऊवारी तर आठ मीटरच्या पुढे जाते, तिथे आणखी ऐसपैस जागा हवी.

म्हणून खाली तीन पर्यायांची तुलना करताना मी हाच चौकोन मोजमाप म्हणून धरला आहे. ज्या घरात साडी क्वचितच नेसली जाते, तिथे हिशोब बदलेल. तेही ओघात सांगते.

पहिला पर्याय : अर्धी खोली

आमचं घर ठाण्यात, अडीच बीएचके. त्यातली 'अर्धी' खोली ७ बाय ९ फुटांची. पहिल्या नकाशात दोन्ही लांब भिंतींना कपाटं होती. कपड्यांचं कपाट २ फूट खोल लागतंच, कारण हँगर आडवा मावायला हवा. दोन्हीकडचे मिळून ४ फूट गेले, उरले ३. कागदावर ते छान दिसत होतं. मी रिकाम्या खोलीत खडूने कपाटांच्या रेषा आखल्या आणि त्या रेषांच्या आत उभं राहून एक साधी सुती साडी नेसून पाहिली. पदर काढताना हात भिंतीला नव्हे, रेषेपलीकडे, म्हणजे उद्याच्या शटरवर आपटला. त्याच दिवशी एका बाजूची कपाटं रद्द केली.

आता एकाच ९ फुटी भिंतीला कपाट आहे आणि समोर ५ बाय ९ चा पट्टा मोकळा. दार आत उघडत होतं, ते सरकतं करून घेतलं. नाहीतर दाराच्या झडपेनेच कोपरा खाल्ला असता. खिडकी झाकली नाही. एक बाजू सोडल्याने कपडे मावणार नाहीत अशी भीती होती, पण ९ फूट रुंद आणि ७ फूट उंच कपाट दोन माणसांना पुरतं, वर माळा वेगळा.

या पर्यायाचं खरं सुख दाराचं आहे. पहाटेच्या गाडीला निघणारा माणूस दिवा लावतो, खण उघडतो, आणि शेजारी झोपलेल्याची झोप मोडत नाही. घरात सासू-सासरे, वाढती मुलं असतील तर निवांतपणे दार लावून तयार होता येणं ही चैन नाही, गरज आहे असं मला मनापासून वाटतं.

पण किंमत मोठी आहे. समजा तुमच्या भागात कार्पेट एरियाचा भाव चौरस फुटाला १५,००० रुपये आहे, तर ६३ चौरस फुटांची ही खोली म्हणजे साडेनऊ लाखांच्या जवळपासची जागा. घरात दहावी-बारावीचं मूल असेल, तर ही खोली आधी त्याच्या टेबलाची. तिथे मी ड्रेसिंग रूमच्या बाजूने एक शब्दही बोलणार नाही. आलं-गेलं माणूस झोपायला जागा हवी, एवढीच अडचण असेल तर मात्र सुटते : एका बाजूची कपाटं असली की समोरच्या पट्ट्यात ३ बाय ६ ची गादी सहज पसरते. दोन्ही बाजूंनी कपाटं केली असती तर ती गादीही धड मावली नसती.

दुसरा पर्याय : बाथरूमकडे जाणारी वाट

नव्या इमारतींत मास्टर बेडरूम आणि तिच्या बाथरूमच्या मध्ये एक छोटा बोळ दिसतो. विकणारा त्यालाच 'वॉक-इन' म्हणतो. बोळ ५ फूट रुंद असेल तर एका बाजूला २ फुटांचं कपाट आणि ३ फुटांची वाट. खोली गमवावी लागत नाही, अंघोळ करून थेट कपड्यांपाशी, कल्पना चांगली आहे.

अडचणी दोन. आपण साडी नेसत असताना दुसऱ्याला बाथरूमला जायचं असतं, आणि तीन फुटांत तर नेसणंही होत नाही. साडी घेऊन शेवटी बेडरूममध्येच यावं लागतं. ही अडचण सोसता येते. दुसरी आहे ती दमटपणाची, आणि तिच्याकडे घर घेताना कुणी लक्ष देत नाही.

माझ्या बहिणीच्या पुण्यातल्या घरात असाच बोळ आहे. पुण्याची हवा ठाण्याहून कोरडी, म्हणून ती निर्धास्त होती. पहिल्याच पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्यांवर आणि एका पर्सवर पांढरी बुरशी आली, नंतर रेशमी ब्लाउजच्या अस्तरावर डाग. कारण साधं होतं. गरम पाण्याची वाफ रोज दोनदा त्या बोळात येत होती, खिडकी नव्हती, आणि कपाटाची पाठ शॉवरच्याच भिंतीला टेकलेली. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला आणखी काही लागत नाही. मुंबई-कोकणात जुलैत बाहेरचीच हवा ८०-८५ टक्क्यांवर असते, मग अशा बंद बोळाचं काय होईल याचा अंदाज करा.

तिने मग बाथरूममध्ये एक्झॉस्ट पंखा बसवला आणि अंघोळीनंतर वीसेक मिनिटं तो चालू ठेवायची सवय सगळ्यांना लावली. कपाट शॉवरच्या भिंतीवरून समोरच्या कोरड्या भिंतीला हलवलं, मागे बोटभर फट सोडून. रेशमी साड्या तिथून कायमच्या उठवल्या. आता बरं चाललंय. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. असा बोळ असलेलं घर घेतलंत तर कपाट करण्याआधी एक पावसाळा ते तिथे टांगून ठेवा.

घरात मुख्यतः शर्ट, कुर्ते, ऑफिसचे कपडे असतील आणि बाथरूमला खिडकी किंवा पंखा असेल, तर हा पर्याय चांगला. कांजीवरम-पैठण्या असलेल्या घराला मी तो सुचवणार नाही.

तिसरा पर्याय : बेडरूममधली एक भिंत

वेगळी खोली नाही, बोळ नाही. एका भिंतीला टोकापासून टोकापर्यंत कपाट. १० बाय १२ च्या खोलीत पलंगाच्या पायथ्याकडच्या भिंतीला ते केलं, तर २ फूट कपाट आणि साडेसहा फूट पलंग वजा जाता साडेतीन फूट उरतात. चौकोन मावत नाही. ६ फूट रुंद पलंगाऐवजी ५ फुटी घेऊन तो भिंतीला सरकवला, तर उरलेल्या बाजूने कोपऱ्यात मोकळी जागा होते आणि तिथे नेसता येतं. आपल्या आयांनी आयुष्यभर तेच केलं.

सगळ्यात स्वस्त पर्याय हाच, आणि दोघांच्या उठायच्या वेळा सारख्या असतील तर माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचाही. खोलीवर खर्च होणारे पैसे कपाटाच्या आतल्या रचनेवर घाला. तिन्ही पर्यायांत आतली रचनाच शेवटी रोज हाताला लागते.

आतलं

शर्ट आणि आखूड कुर्त्यांना दांडीखाली ४० इंच पुरतात, म्हणून ७ फुटांत एकावर एक दोन दांड्या बसतात. लांब अनारकली, गाऊन यांना ६० इंच. असा एकच खण पुरे. सुती आणि रोजच्या साड्या हँगरवर ठेवा. जड जरीच्या साड्या टांगू नका, वजनाने घडीवर ताण येतो आणि तिथेच त्या विरतात. त्या आडव्या, सुती मलमलीत गुंडाळून, दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून नवी घालत ठेवायच्या. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नाही. डांबरगोळी जरीला लागली की जर काळवंडते. त्यापेक्षा वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून खणाच्या कोपऱ्यात ठेवा.

सुतार सवयीने २ फूट खोलीचे कप्पे करून देतो. त्यात साड्यांच्या घड्यांच्या दोन रांगा लागतात आणि मागची रांग थेट दिवाळीला दिसते. साड्यांसाठी कप्पे नकोत, ६ ते ८ इंच उंचीचे ओढते खण करून घ्या. एकावर एक चार-पाचच्या वर रेशमी साडी नको. फळी ३ फुटांहून लांब असेल तर १८ मिलिमीटरचा प्लायही कालांतराने मध्ये झुकतो; मध्ये उभा आधार मागा.

शटरचं थोडक्यात. सरकतं शटर पुढची जागा वाचवतं, पण एका वेळी अर्धंच कपाट दिसतं, पट्टीत धूळ बसते आणि रुळांसाठी तीन-चार इंच जादा खोली जाते. छोट्या बेडरूमला तेच बरं, वेगळ्या खोलीत बिजागरीचं. चित्रांत दिसणारी बिनशटरची उघडी कपाटं आपल्या धुळीत आणि पावसात टिकत नाहीत, आणि उजेडाने रेशमाचा रंगही उडतो. मी रोजचे कपडे उघडे ठेवले आहेत आणि बाकीच्यांना वेताच्या जाळीची शटरं केली आहेत, हवा खेळती राहते.

सुताराला नुसतं "चांगला प्लाय घाल" सांगून भागत नाही. प्लायवरचा शिक्का स्वतः बघा : आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, ओलीला सगळ्यात टिकणारा, आयएस ३०३ बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही तग धरणारा) कोरड्या भिंतीला चालतो. कारखान्यात बनून येणाऱ्या मॉड्युलर कपाटाची सफाई आणि तारखेचा भरवसा चांगला, पण आत पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी, आहे का ते विचाराच. त्याची कड पाण्याने एकदा फुगली की परत बसत नाही. जुन्या इमारतीच्या वाकड्या भिंतींना मात्र सुतारच हवा.

आणि घरात जुनं लोखंडी कपाट असेल तर काढू नका. गोदरेज १९२३ पासून पोलादी कपाटं बनवत आली आहे, आणि त्यातली कितीतरी दोन-तीन पिढ्या वापरात आहेत. वाळवी नाही, बुरशीला खायला लाकूड नाही. आईच्या पैठण्या आमच्याकडे अजून त्यातच आहेत, नव्या खोलीच्या कोपऱ्यात.

आरशाबद्दल एक उपयोगी गोष्ट : डोक्यापासून पायांपर्यंत दिसायला आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो, योग्य उंचीवर लावला तर. घरातल्या सगळ्यांच्या उंचीसाठी ४ फुटी घ्या. दिवा डोक्यावर असेल तर डोळ्यांखाली सावल्या पडतात. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना हवा. खरेदी करताना ४००० केल्विन (उजेडाची छटा) आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वर हे दोन आकडे बघा. पिवळ्या दिव्यात काळं आणि गडद निळं सारखंच दिसतं, मोरपंखी हिरवं होतं. साडीच्या दुकानात आपण साडी दारापाशी उजेडात नेऊन बघतो ना, तेवढ्यासाठीच मी खिडकी झाकली नाही.

नकाशात मी एक गोष्ट विसरले होते, ती कुठल्याच तयार आराखड्यात नसते. एकदा घातलेले पण धुवायचे नसलेले कपडे. ते ना कपाटात जातात ना धुण्यात, खुर्चीवर ढीग होतो. सहा महिन्यांनी दाराच्या शेजारी सहा खुंट्या ठोकल्या, चार खांद्याच्या उंचीला आणि दोन आईचा हात पोचेल तेवढ्या खाली.