बाळाचं पाऊल आत वळलेलं: प्लास्टर की मोठं ऑपरेशन?
क्लबफूट, म्हणजे जन्मतःच आत वळलेलं पाऊल, म्हटलं की घरचे आधी ऑपरेशनचंच विचारतात, पण माझं मत स्पष्ट आहे, आधी पोन्सेटी पद्धत. डॉ. इग्नासिओ पोन्सेटींनी ती बसवली. दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडं थोडं वळवायचं आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं, साधारण 5 ते 7 वेळा, मग बऱ्याच बाळांना टाचेमागची घट्ट कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) छोट्याशा छेदातून सैल करतात आणि शेवटचं प्लास्टर 3 आठवडे. प्लास्टरमधून बोटं डोकावतात ना, ती दाबून बघत जा, पांढरी झाली की लगेच परत गुलाबी व्हायला हवीत, नाही झाली तर थेट डॉक्टरांकडे.

मोठ्या ऑपरेशनमध्ये सांधे मोकळे करतात, पाऊल एकदम सरळ दिसतं खरं, पण आत व्रण धरतात आणि मोठेपणी पाऊल ताठ होतं, दुखतं. प्लास्टरने अजिबात दाद न देणाऱ्या पावलांसाठी ते राखून ठेवावं.

पोन्सेटीत खरी कसोटी प्लास्टरनंतरच्या ब्रेसची, म्हणजे दांडीला जोडलेल्या बुटांची, आधी 3 महिने रोज 23 तास, मग झोपेत 4-5 वर्षांपर्यंत. बाळ रडतं, जीव तुटतो, तरी काढू नका हो, ब्रेस सुटला की पाऊल परत वळतं.