दुकानाच्या वेबसाइटची थीम : आठ महिन्यांचा अनुभव (बराचसा स्लायडरबद्दल)

गेल्या महिन्यात चिंचवडहून एका ताईंचा फोन आला. नंबर आमच्या वेबसाइटवरूनच घेतला होता. दोन किलो हळद सांगितली आणि मग विचारलं, "दादा, सांगलीत बेदाणा चांगला कुठं मिळेल हो?" आमच्याकडं हळदीइतकाच बेदाणा खपतो. होमपेजवर हिरव्या बेदाण्याचा मोठा फोटोही होता, पण स्लायडरमध्ये, म्हणजे आपोआप बदलणाऱ्या फोटोंच्या पट्टीत, चौथा. तिथवर त्या थांबल्याच नव्हत्या.

म्हणून लिहितोय. वर्डप्रेस, थीम ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठीच. बसवायचं कसं ते सांगत नाही.

थीम, म्हणजे वर्डप्रेसवरच्या वेबसाइटचा तयार साचा, साडेचार हजारांना घेतली. पहिले दोन महिने मी भेटेल त्याला हीच घ्या म्हणत होतो. मेनू सुटसुटीत, रंग हळदीला साजेसे, खाली पत्ता आणि नकाशा. वर पूर्ण रुंदीचा स्लायडर : पाच फोटो, दर पाच सेकंदांनी बदलणारे. कॉम्प्युटरवर देखणा दिसायचा. गिऱ्हाईक मात्र मोबाइलवरून येतं, आणि तिथं स्लायडर पहिली स्क्रीन अख्खी खायचा. भाव खाली, मालाची यादी खाली, आणि फोन नंबर फोटोतच छापलेला, म्हणजे बोट लावून लागतच नव्हता.

त्यात मथळा. ओळीची उंची इंग्रजी अक्षरांच्या हिशेबानं १.१ ठेवलेली, त्यामुळं अनुस्वार आणि वेलांट्या वरून कापल्या जायच्या. 'सांगलीची हळद' लिहिलं तर 'सागलीची' दिसायचं. ज्या हळदीला २०१८ साली जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, तिचं नावच धड दिसू नये याचा मला फार त्रास झाला. थीमवाल्यांना कळवलं. नऊ दिवसांनी उत्तर आलं : हे वेगळं काम, वेगळे पैसे. इथल्या एका डिझायनरनं सहा हजार सांगितले. थीमच्या किमतीपेक्षा दुरुस्ती महाग? दिले नाहीत. भाच्याला रविवारी बोलावून घेतलं.

इथं माझं एक मत बदललं, ते प्रामाणिकपणे सांगतो. थीम मंद आहे अशी तक्रार मी आधी सगळीकडं केली होती. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग तपासायच्या साधनात मोबाइलवर एलसीपी (पहिल्या स्क्रीनवरचा सगळ्यांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) ११ सेकंद आला, गूगल २.५ सेकंदांपर्यंत चांगला धरतं. भाच्यानं फोटो तपासले तर प्रत्येकी चार-पाच एमबीचे, मोबाइलवर काढून मीच तसेच चढवलेले. १२०० पिक्सेल रुंदी आणि वेबपी (फोटोचा हलका प्रकार) केल्यावर दीडशे केबीच्या आत आले आणि एलसीपी ३.६ वर उतरला. ती चूक माझी होती, थीमची नव्हती. पण पहिल्याच फोटोला लेझी लोडिंग लावलेलं होतं, ते थीमचं. सगळ्यांत आधी दिसायचं तेच उशिरा मागवायचं, हे मला पटत नाही. ते बंद केलं, स्लायडर काढला, आणि २.३ आला.

आता वर एकच फोटो, अर्ध्या स्क्रीनइतका. त्यावर एक ओळ : राजापुरी हळद आणि तासगावचा बेदाणा, घरपोच. लगेच खाली तारखेसह भाव, फोन आणि व्हॉट्सॲपची बटणं, मग हळद आणि बेदाणा असे दोन मोठे चौकोन. दुकान वडिलांनी उभं केलं, त्यांचा फोटो सगळ्यांत वर होता. तो खाली न्यायला जिवावर आलं, पण नेला. मथळ्याची उंची १.५ केली. ते ॲडिशनल सीएसएसमध्ये, म्हणजे थीमच्या फाइलींबाहेर आपले बदल लिहायच्या जागेत, टाकलंय, म्हणजे अपडेट आला तरी पुसलं जात नाही.

भाव दर आठवड्याला बदलावा लागतो, तेवढं काम वाढलं. जुना भाव वर राहण्यापेक्षा भाव नसलेला बरा, म्हणून सोमवारी सकाळी पहिलं तेच करतो. तीन आठवड्यांत बेदाणा आहे का असं कुणी विचारलं नाही. थेट अर्धा किलो, एक किलो पाठवा म्हणतात.

आधी दोन तारे दिले होते, आता साडेतीन. ओळीची उंची त्यांनी स्वतःहून दुरुस्त केली, की उरलेला अर्धाही देईन.