मॅकग्रेगर डोंगरावरचे ग्रँट कॉटेज

अमेरिकेचे अठरावे राष्ट्राध्यक्ष आणि त्याआधी यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याचे सरसेनापती असलेले युलिसिस ग्रँट १६ जून १८८५ रोजी न्यू यॉर्क राज्यातील सॅराटोगा स्प्रिंग्जजवळच्या मॅकग्रेगर डोंगरावर राहायला आले आणि २३ जुलैच्या सकाळी तिथेच वारले. घर त्यांच्या मालकीचे नव्हते. जोसेफ ड्रेक्सेल या बँकर मित्राने ते उन्हाळ्यापुरते वापरायला दिले होते. जेमतेम पाच आठवड्यांच्या त्या मुक्कामासाठी हे लाकडी, दुमजली, मोठा व्हरांडा असलेले घर आजवर जपले गेले आहे आणि १८९० पासून लोकांना पाहण्यासाठी खुले आहे. राष्ट्राध्यक्षाचे घर म्हणजे झुंबरे, दिवाणखाने आणि तैलचित्रे अशी अपेक्षा घेऊन जाणाऱ्याची येथे निराशा होईल. आजारी माणसाने मुदतीच्या आत एक काम कसे पुरे केले हे ज्याला जवळून पाहायचे असेल, त्याने मात्र वाट वाकडी करून येथे यावे.

हे घर समजून घ्यायचे तर आधीच्या वर्षाची हकिकत ठाऊक असावी लागते. १८७७ मध्ये राष्ट्राध्यक्षपदावरून पायउतार झाल्यावर ग्रँट दोन वर्षांहून अधिक काळ जगप्रवास करत होते (त्या प्रवासात फेब्रुवारी १८७९ मध्ये ते मुंबईलाही आले होते आणि गव्हर्नर रिचर्ड टेंपल यांचे पाहुणे म्हणून मलबार पॉइंटच्या सरकारी बंगल्यात उतरले होते). परतल्यावर त्यांनी मुलाच्या भागीदाराच्या, म्हणजे फर्डिनंड वॉर्डच्या, पेढीत आपली पुंजी घातली. वॉर्ड एकाच तारणावर अनेकांकडून कर्जे उचलत होता आणि नव्या पैशातून जुन्यांना नफा वाटत होता. मे १८८४ मध्ये पेढीचे दिवाळे निघाले. पेढी तगावी म्हणून ग्रँटनी धनाढ्य रेल्वेमालक विल्यम व्हँडरबिल्टकडून शब्दावर घेतलेले दीड लाख डॉलर त्याच भोवऱ्यात गेले, आणि ते कर्ज फेडण्यासाठी त्यांनी आपल्या तलवारी, पदके आणि देशोदेशीच्या भेटवस्तू व्हँडरबिल्टच्या स्वाधीन केल्या. त्या काळी माजी राष्ट्राध्यक्षांना निवृत्तिवेतन नसे, आणि राष्ट्राध्यक्ष होताना सैन्यातली नोकरी सोडल्यामुळे तोही आधार गेलेला होता. सैन्यातला हुद्दा संसदेने त्यांना परत दिला तो थेट मार्च १८८५ मध्ये.

१८८४ मध्येच घशात दुखू लागले होते. सिगारचे व्यसन जुने होते; ऑक्टोबर १८८४ मध्ये घशाच्या कर्करोगाचे निदान झाले. बायकोच्या हाती काही राहावे या एकाच हेतूने ग्रँट आत्मवृत्त लिहायला बसले. ते एका मासिकाच्या प्रकाशकाशी नेहमीच्या दराने करार करण्याच्या बेतात असताना मार्क ट्वेन यांनी आपल्या प्रकाशनसंस्थेतर्फे निव्वळ नफ्याच्या ७० टक्क्यांचा प्रस्ताव ठेवला, आणि पुस्तक ट्वेनकडे गेले. न्यू यॉर्क शहरातला उन्हाळा सोसवेना, म्हणून डॉक्टरांनी डोंगरावरची हवा सुचवली. डोंगरावर नुकतेच मोठे हॉटेल उभे राहिले होते, आणि ग्रँट येथे आले, त्यातही येथेच वारले, तर जागेचे नाव होईल असा तेथील प्रवर्तकाचा हिशेब होता. पुढे त्याने तसे उघडपणे सांगितलेही. हॉटेल काही वर्षांत आगीत गेले, आणि नाव राहिले ते शेजारच्या या लहानशा घराचे.

पाहायला मिळतो तो तळमजला, आणि तोही मार्गदर्शकाबरोबर. चार खोल्या आहेत, फेरी लहान आहे, पण वस्तू जवळजवळ सगळ्या मूळच्या आहेत. येथल्या भेटीचे मोल त्यातच आहे. ग्रँटच्या खोलीत चामड्याच्या दोन मोठ्या खुर्च्या समोरासमोर जोडून ठेवलेल्या आहेत. आडवे झाले की घशातल्या गाठीने जीव गुदमरायचा, म्हणून ते एका खुर्चीत बसून दुसरीवर पाय टाकत आणि तशीच रात्र काढत. ज्या माणसाच्या हुकुमावर पाच लाखांहून अधिक सैनिकांची फौज हलत होती, त्याची निजण्याची सोय एवढीच होती. दुखणे बधिर करण्यासाठी घशाला लावायच्या कोकेनच्या पाण्याची बाटलीही येथे आहे. त्या काळच्या वैद्यकात ते नवे औषध होते. बैठकीच्या खोलीत अखेरच्या दिवसांत आणलेला पलंग आहे, आणि शेगडीवरच्या फळीवर आठ वाजून आठ मिनिटांवर थांबलेले घड्याळ आहे; वडील गेल्यावर थोरला मुलगा फ्रेड याने ते थांबवले असे सांगतात. जेवणाच्या खोलीत ४ ऑगस्टच्या अंत्यविधीसाठी आलेल्या फुलांच्या मोठमोठ्या आराशी अजून उभ्या आहेत. त्यातली अर्धवट उघड्या दरवाजांच्या आकाराची आरास रेल्वे उद्योजक लेलंड स्टॅनफर्ड यांनी पाठवलेली होती. सुकून तपकिरी पडलेली फुले सव्वाशेहून अधिक वर्षे टिकतात हे पाहिल्याशिवाय पटत नाही, आणि खरे सांगायचे तर ती पाहून थोडे अवघडल्यासारखेही होते.

येथे आल्यावर ग्रँटचा आवाज जवळजवळ गेलाच होता. आधी ते लघुलेखक नोबल डॉसन यांना मजकूर सांगत. आता पेन्सिलीने कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून बोलू लागले. डॉ. जॉन डग्लस यांना लिहिलेल्या चिठ्ठ्या शिल्लक आहेत, आणि त्यांत तक्रारीपेक्षा निरीक्षण अधिक आहे. एका चिठ्ठीत ते म्हणतात की आपण सर्वनाम नसून क्रियापद झालो आहोत असे वाटते, कारण असणे, करणे आणि सोसणे हे क्रियापदाचे तिन्ही अर्थ आपल्याला लागू पडतात. रणांगणावरचे त्यांचे हुकूम अशाच आखूड, सरळ वाक्यांचे असत. मुद्रिते तपासणे, तारखा आणि सैन्याच्या हालचाली कागदपत्रांशी ताडून पाहणे, दुसऱ्या खंडात भर घालणे ही कामे या घरात चालत होती. जुलैच्या मध्यावर काम संपले आणि आठवडाभरात ते गेले. दोन खंडांच्या त्या पुस्तकाचे तीन लाखांहून अधिक संच विकले गेले, आणि फेब्रुवारी १८८६ मध्ये जूलिया ग्रँट यांना दोन लाख डॉलरचा पहिला धनादेश मिळाला.

व्हरांड्यात थोडा वेळ जरूर बसावे. डोक्याला टोपी, गळ्याला रुमाल आणि हातात वर्तमानपत्र घेऊन बसलेल्या ग्रँटचे शेवटच्या दिवसांतले छायाचित्र येथलेच आहे. लोक दुरून येत, रस्त्यावर उभे राहून टोपी काढत आणि निघून जात. १० जुलै रोजी आलेला पाहुणा मात्र वेगळा होता. सायमन बकनर हा ग्रँटचा वेस्ट पॉइंटच्या लष्करी महाविद्यालयापासूनचा मित्र; १८५४ मध्ये सैन्य सोडून कफल्लक अवस्थेत न्यू यॉर्कला पोहोचलेल्या ग्रँटना त्याने हॉटेलच्या बिलासाठी मदत केली होती, आणि १८६२ मध्ये डोनेल्सनच्या किल्ल्यावर दक्षिणेचा सेनापती म्हणून त्याच ग्रँटपुढे त्याला बिनशर्त शरण यावे लागले होते. तो या व्हरांड्यावर भेटीला आला आणि पुढे पार्थिवाच्या मानकऱ्यांतही होता. व्हर्जिनियातील ॲपोमॅटॉक्सला ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांची शरणागती स्वीकारताना ग्रँटनी दक्षिणेच्या सैनिकांना नांगरटीसाठी आपापले घोडे घरी नेऊ दिले होते. त्या वागण्याची पावती वीस वर्षांनी या दारात आली, असे म्हणता येईल.

घरापासून थोड्या अंतरावर डोंगराची कड आहे. तिथून हडसनचे खोरे आणि पलीकडचे व्हर्मॉंटचे डोंगर दिसतात. २० जुलैला, म्हणजे मृत्यूच्या तीन दिवस आधी, त्यांचे सेवक हॅरिसन टेरेल यांनी ग्रँटना चाकांच्या खुर्चीतून येथवर आणले, आणि ती त्यांची शेवटची फेरी ठरली. टेरेल गुलामगिरीत जन्मलेले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८८४ मध्ये हार्वर्डमधून पदवीधर झाला होता आणि पुढे वॉशिंग्टनमध्ये न्यायाधीश झाला. ग्रँटच्या शेवटच्या दिवसांची हकिकत सांगताना हे नाव गाळले जाता कामा नये, कारण रुग्णाची रात्रंदिवस सेवा त्यांनी केली.

या घराची मर्यादा त्याच्या स्वभावातच आहे. ग्रँटचे आत्मवृत्त युद्धाबरोबर संपते आणि १८६९ ते १८७७ या राष्ट्राध्यक्षपदाच्या आठ वर्षांना हात लावत नाही. हे घरही त्या पुस्तकाभोवती उभे असल्यामुळे राष्ट्राध्यक्ष येथे फारसा भेटत नाही. भेटतो तो आधी सेनापती आणि मग लेखक. त्या आठ वर्षांत वंशावरून मताधिकार नाकारण्यास बंदी करणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७० मध्ये मंजूर झाली, केंद्रीय न्याय विभाग स्थापन झाला, आणि कृष्णवर्णीय मतदारांना मारझोड करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गुप्त संघटनेविरुद्ध ग्रँटनी कायदा आणि सैन्य दोन्ही वापरले. त्याच वर्षांत दारूवरील कराच्या चोरीची टोळी त्यांच्या खासगी सचिवापर्यंत पोहोचली, युद्धमंत्री बेल्कनॅपना लाचखोरीच्या आरोपावरून पायउतार व्हावे लागले, आणि १८७३ च्या मंदीने देश खिळखिळा झाला. स्वतः पैसा न खाणारा आणि इतरांच्या बाबतीत सहज फसणारा माणूस ही त्यांची प्रतिमा वॉर्ड प्रकरणाने पुरी केली. आमच्या मते ती प्रतिमा अपुरी आहे. १८५९ मध्ये सेंट लुईसला पैशाच्या ओढाताणीत दिवस काढत असताना, हजारभर डॉलर मिळू शकले असते अशा विल्यम जोन्स या गुलामाला न विकता ग्रँटनी मुक्ततेचा कागद करून मोकळे केले होते, आणि त्यांच्या राष्ट्राध्यक्षपदाचा विचार त्या कागदापासून सुरू करायला हवा. तो भाग समजून घ्यायचा असेल तर सेंट लुईसजवळचे व्हाइट हेवन किंवा इलिनॉयमधील गलीना येथील घर पाहावे.

जाणाऱ्यांसाठी थोडे. न्यू जर्सी किंवा न्यू यॉर्कहून लेक जॉर्जला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना हे ठिकाण वाटेवरच पडते. नॉर्थवे या महामार्गावरून सोळाव्या क्रमांकाच्या फाट्याला वळायचे आणि डोंगर चढायचा. हंगाम उन्हाळ्यापासून शरद ऋतूपर्यंत असतो, म्हणून वेळा आधी पाहून निघावे. रस्त्यात लागणाऱ्या मोठ्या ओसाड इमारती पाहून चुकल्यासारखे वाटेल. तो आधी विमा कंपनीचा क्षयरोग आश्रम होता, आणि नंतर २०१४ पर्यंत तुरुंग होता. कॉटेजची देखभाल राज्याच्या साह्याने एक स्वयंसेवी मंडळ करते. फार लहान मुलांना घड्याळ आणि फुलांपलीकडे येथे काही हाती लागणार नाही, शाळकरी मुलांना लागेल. पुस्तकावरचे हक्क केव्हाच संपले असल्याने ते इंटरनेटवर विनामूल्य मिळते. सगळे वाचायला सवड नसेल तर मिसिसिपी नदीकाठच्या व्हिक्सबर्ग शहराच्या वेढ्याची आणि शरणागतीची प्रकरणे तरी वाचून जावे, म्हणजे चामड्याच्या त्या दोन खुर्च्यांत बसून कोणते पुस्तक पुरे केले जात होते याची कल्पना असेल.