जुनी डिझेल जीप स्टार्ट होत नाही: आधी हीटर प्लग की आधी एअर?

स्टार्टर जोमात फिरतोय, पण इंजिन पकडत नाही. महिंद्राच्या एमएम ५४० सारख्या, प्यूजोचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन असलेल्या जीपमध्ये मी आधी दोघांवरच संशय घेतो: हीटर प्लग (थंड इंजिनात डिझेल पेटावं म्हणून आतली हवा तापवणारा प्लग) आणि एअर (डिझेलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा). कोणावर, ते सायलेन्सर सांगतो.

स्टार्टर मारताना पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. थंडीतल्या सकाळी हे हमखास हीटर प्लगचं काम. प्लगची वायर सोडवा, बॅटरीच्या प्लसवरून टेस्ट लॅम्प टोकाला लावा; पेटला नाही तर प्लग गेला. सोपं काम. मात्र हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा (इंजिन पटकन पेटवायचा) स्प्रे मारू नका, तो वेळेआधीच भडकतो आणि पिस्टन फुटू शकतो.

धूरच नसेल, तर डिझेल पोचत नाही. गाडी बरेच दिवस उभी होती किंवा फिल्टर नुकताच बदलला असेल, तर लाइनमध्ये एअर शिरली आहे असं धरा. फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करून डिझेलच्या लाइनवरचा हातपंप मारत राहा. बुडबुडे थांबले की आवळा. तरीही नाही झाली तर इंजेक्टरला येणाऱ्या पाइपचे नट किंचित ढिले करून स्टार्टर मारा, हात मात्र लांब ठेवून.

धुरावरून नक्की कळत नसेल, तर मी एअरपासूनच सुरुवात करतो, कारण त्याला एक पाना पुरतो. पण एअर रोज धरत असेल, तर पाइप आणि वॉशर बदलल्याशिवाय सुटका नाही.