‘लाइफटाइम लायसन्स’चे पैसे देण्याआधी हे तपासा

लातूरचं मार्केट यार्ड असो, जालन्यातलं ठिबकचं दुकान असो की वाळूजमधला छोटा कारखाना, फसवणुकीची रीत तीच. विक्रेता लॅपटॉप उघडतो, ‘हे आमच्या कंपनीनं बनवलेलं ईआरपी’ (बिलं, माल, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) म्हणतो आणि लाइफटाइम लायसन्सचे पैसे मागतो. आत असतं ईआरपीनेक्स्ट, नाहीतर ओडू कम्युनिटी. दोन्ही मुक्तस्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, दोन्ही फुकट उतरवता येतात. बसवून देणं, शिकवणं, सांभाळणं यांचे पैसे जरूर द्यावेत, ती मेहनतच आहे. पण दुसऱ्यांचं काम स्वतःचं म्हणून विकणं ही सरळ लबाडी आहे. मूळ नाव लपवलं जातं, कारण ते कळलं की आवृत्ती तपासता येते आणि दुसरा माणूस कामाला लावता येतो.

सॉफ्टवेअर वाईट नसतं. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं आहे आणि नीट बसवलं तर धंद्याला पुरून उरतं. नुकसान होतं ते कोणती आवृत्ती गळ्यात मारली यावरून. त्याच्या कोडच्या अनेक शाखा, म्हणजे वेगवेगळ्या प्रती असतात. ‘डेव्हलप’ शाखेत रोज नवा, अर्धवट तपासलेला कोड पडत असतो. धंद्यासाठी ‘व्हर्जन-१५’सारखी क्रमांकाची, अजून दुरुस्त्या मिळणारी शाखाच हवी. ‘लेटेस्ट आहे’ असं सांगून डेव्हलप बसवली की ऐन सोयाबीनच्या आवकेत, शेतकऱ्याला पट्टी द्यायच्या वेळी, एखादा अपडेट बिलाची स्क्रीनच बंद पाडू शकतो. शिवाय आवृत्ती १४ पासून भारतीय जीएसटीचा भाग ‘इंडिया कंप्लायन्स’ नावाच्या वेगळ्या ॲपमध्ये गेला. ते ॲप टाकलंच नाही तर बिल निघतं, पण जीएसटीआर-१ची (विक्रीच्या विवरणाची) जुळवाजुळव हातानं करत बसावी लागते.

ओडूत खोट वेगळी. २०१५ मध्ये आवृत्ती ९ पासून फुकटचा कम्युनिटी आणि पैशाचा एन्टरप्राइझ असे दोन भाग झाले. डेमो एन्टरप्राइझचा आणि बसवलं कम्युनिटी, हा नेहमीचा खेळ. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, बँक जुळवणी हे सगळं डेमोत दिसतं. कम्युनिटीत हिशेबाचं काम मुळात बिलापुरतंच. दरवर्षी नवी आवृत्ती येते आणि शेवटच्या तीनच आवृत्त्यांना दुरुस्त्या मिळतात. चार-पाच वर्षांपूर्वीची आवृत्ती आज बसवणारा तुम्हाला मेलेला माल विकतोय.

सगळ्यात महाग पडते ती मूळ कोडची मोडतोड. हमाली-तोलाईसाठी वेगळं ॲप किंवा कस्टम फील्ड (आपल्या गरजेचा जादा रकाना) करायला वेळ लागतो, म्हणून मूळ फाइलीच बदलल्या जातात. मग अपडेट घेतला की बदल पुसले जातात किंवा अपडेटच अडकतो. २२ सप्टेंबर २०२५ ला ठिबक-तुषार संचावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दर टॅक्स टेम्प्लेटमध्ये (सेटिंगमधल्या कराच्या तक्त्यात) असेल तर हे पाच मिनिटांचं काम. कोडमध्ये लिहून ठेवला असेल, तर विक्रेत्याचा फोन लागेपर्यंत दुकान थांबणार.

म्हणून पैसे देण्याआधी माहीतगार माणूस शेजारी बसवा. ईआरपीनेक्स्ट असेल तर विक्रेत्याला सर्व्हरवर ‘बेंच व्हर्जन’ ही आज्ञा चालवायला सांगा, प्रत्येक ॲपची आवृत्ती दिसते. प्रत्येक ॲपच्या फोल्डरमध्ये ‘गिट ब्रँच’नं शाखा कळते, ‘गिट स्टेटस’नं बदललेल्या पण नोंद न केलेल्या फाइली कळतात. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवला जातो त्या संकेतस्थळावर, शेवटची रिलीज कधी आली, दुरुस्त्या एकच माणूस करतो की अनेक, हेही पाहा. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टमही विचारा: सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली, तरी ती अजून बसवणारे भेटतात.

बॅकअपवर तर तोंडी विश्वास ठेवूच नका. ईआरपीनेक्स्टमध्ये ‘विथ-फाइल्स’ हा पर्याय न लावता घेतलेल्या बॅकअपमध्ये जोडलेली बिलं आणि पावत्या येत नाहीत. साइट कॉन्फिग या सेटिंगच्या फाइलीतली एन्क्रिप्शन की (गुप्त किल्ली) नसेल तर साठवलेले पासवर्ड उलगडत नाहीत. तोच बॅकअप दुसऱ्या कोऱ्या मशीनवर तुमच्यासमोर उभा करून दाखवायला लावा. टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथंच थांबवा. डोमेन, सर्व्हरचं खातं आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड पहिल्या दिवसापासून दुकानाच्या नावावर हवा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने जपायच्या असतात. त्या परक्याच्या खात्यात ठेवू नका. जुनं टॅली निदान एक पूर्ण महिना सोबत चालू ठेवा आणि शेवटी दोन्हींचं तेरीज पत्रक (ट्रायल बॅलन्स) व शिल्लक माल जुळवा.

आधीच अडकला असाल तर भांडणाच्या आधी डेटाबेस आणि फाइलींची प्रत हातात घ्या, कारण वाद झाला की सगळ्यात आधी तुमचा लॉगिन बंद होतो. मग बिल, कोटेशन, व्हॉट्सॲपवरचे दावे जपून वकिलाकडे जा. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेची तक्रार ग्राहक आयोगात सहसा टिकत नाही, त्यामुळे लेखी करार नसेल तर हेच कागद उपयोगी पडतात.