मुलांसाठी अंडी उबवायचा संच: एकवीस दिवस चांगले, पुढचं काय?

शाळेत किंवा घरी मुलांना पिल्लं बाहेर पडताना दाखवण्यासाठी मिळणारे हे संच साधारण एकसारखेच असतात. पारदर्शक झाकणाचं छोटं इन्क्युबेटर, ७ ते १२ फलित अंडी, अंडं तपासायचा दिवा, पिल्लांना ऊब देणारी पेटी म्हणजे ब्रूडर, थोडं खाद्य आणि एक पुस्तिका. भाड्याने घेतलेल्या संचात पिल्लं परत नेण्याची सोयही असते. यंत्र म्हणून हा प्रकार आम्हाला मनापासून आवडतो. तक्रार आहे ती पुस्तिकेबद्दल, आणि ती मोठी आहे.

आधी यंत्र. मुलांसाठी पंख्याचंच घ्यावं. त्यात ३७.५ अंश सेल्सिअस तापमान सगळीकडे सारखं राहतं. बिनपंख्याच्या पेटीत वर गरम आणि खाली गार होतं, त्यामुळे अंड्याच्या माथ्याशी ३८.५ च्या आसपास ठेवावं लागतं आणि थर्मामीटर दोन बोटं खाली सरकला तरी सगळा अंदाज चुकतो. यंत्रावर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. तापमान अंशभर जास्त राहिलं तर पिल्लं लवकर निघतात, पण त्यांची बेंबी नीट मिटलेली नसते. कमी राहिलं तर उशीर होतो आणि पिल्लं अशक्त निघतात. अंडी ठेवण्याआधी यंत्र २४ तास रिकामं चालवून पाहावं. प्रवास करून आलेली अंडी रुंद टोक वर करून निदान १२ तास खोलीतच राहू द्यावीत. ती धुवायची नाहीत. कवचावरचा नैसर्गिक लेप गेला की जंतूंना आत जायला वाट मिळते.

अंडी आपोआप फिरवणारी सोय असेल तर उत्तम. नसेल तर दिवसातून ३ किंवा ५ वेळा उलटवावीत. विषम आकडा अशासाठी, की रात्रीचा लांबलचक वेळ अंडं रोज वेगळ्या कुशीवर असतं. फिरवलं नाही तर गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो. एका बाजूला पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला की मुलंही हे काम चोख करतात. शाळेत ठेवायचं असेल तर सुट्टीच्या दिवशी कोण येणार, हे आधीच ठरवा.

सातव्या दिवशी खोलीत अंधार करून अंडं दिव्यावर धरायचं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लालसर शिरा, मधोमध डोळ्याचा काळा ठिपका, आणि नीट पाहिलं तर हलणारा जीव. वर्गातला गोंगाट या वेळी आपोआप थांबतो. काही अंडी मात्र नुसती पिवळी, स्वच्छ दिसतात. ती फलित झालेलीच नसतात. काहींत रक्ताची गोल कडी दिसते, म्हणजे गर्भ वाढायला लागला आणि मेला. अशी अंडी काढून टाकावी लागतात, नाहीतर ती आत सडतात आणि फुटतात. मुलांची मृत्यूशी पहिली गाठ इथेच पडते. ‘खराब झालं’ असं म्हणून अंडं गुपचूप उचलू नका. ‘यातलं पिल्लू मेलं’ हे तीन शब्द पुरतात.

अठराव्या दिवसापासून अंडी फिरवणं बंद. ४५ ते ५० टक्के ठेवलेली आर्द्रता आता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यायची आणि झाकण उघडायचं नाही. सगळ्यात जास्त घोटाळे याच तीन दिवसांत होतात. कवचाला पहिली टिचकी पडली की कुणीतरी झाकण उचलतं, दमट हवा निघून जाते, पापुद्रा वाळून पिल्लाला घट्ट आवळतो आणि ते आतच अडकतं. टोचा मारल्यापासून बाहेर यायला १२ ते २४ तास लागणं अगदी स्वाभाविक आहे. त्या वेळात पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त आटत असतं. मदत म्हणून कवच सोललं तर त्या शिरा तुटून रक्त वाहतं. बाहेर आलेलं पिल्लू ओलं, दमलेलं, मान टाकून पडलेलं दिसतं. ते मेलेलं नसतं. पोटातल्या बलकावर ते ४८ तास सहज काढतं. कोरडं आणि फुललेलं झालं की मगच ब्रूडरमध्ये हलवा.

ब्रूडरमध्ये पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी. पिल्लांकडे पाहूनही कळतं: दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर थंडी वाजतेय, कडेला पांगून चोची उघडून बसली असतील तर उकडतंय. खाली गुळगुळीत कागद घालू नका, पाय फाकतात. लाकडाचा जाडसर भुसा चांगला. पाण्याच्या उथळ ताटलीत गोट्या टाका, नाहीतर पिल्लू त्यात बुडतं. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूंच्या धोक्यामुळे पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात पिल्लू देऊ नये. मोठ्यांनीही ते तोंडाजवळ नेऊ नये आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत.

आता पुस्तिका. ती बाहेर आलेल्या पिवळ्या पिल्लाच्या चित्रावर संपते, फार तर ‘पिल्लं फार्मवर परत जातात’ एवढं एक वाक्य असतं. तिथे त्यांचं काय होतं, हे लिहिलेलं नसतं. साधारण निम्मी पिल्लं नर निघतात. अंड्यांसाठी पाळायच्या जातींतला नर अंडी देत नाही आणि मांसासाठी पुरेसा भरतही नाही, म्हणून व्यावसायिक उबवणी केंद्रांत तो पहिल्याच दिवशी मारला जातो. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून यावर बंदी घातली; तिथे आता अंड्यातच लिंग ओळखलं जातं. ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या जातीचा पक्षी, पाच ते सात आठवड्यांत कापला जातो. एरवी कोंबडी पाच-आठ वर्षं सहज जगते.

मुलं हे विचारतातच. ताटात आपण चिकन म्हणतो आणि खुराड्यात कोंबडी. दोन शब्द वेगळे असल्यामुळे लहान मुलाला त्यांचं नातं लागत नाही. अमेरिकेत ४ ते ७ वर्षांच्या मुलांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बऱ्याच मुलांना मांसाचे पदार्थ प्राण्यांपासून येतात हेच माहीत नव्हतं. गाय आणि डुक्कर खाण्याजोगे नाहीत, असंही त्यांतल्या बहुतेकांचं म्हणणं होतं. म्हणजे संच घरात आला की हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या दिवशी समोर येणारच. ‘झोपवलं’, ‘पाठवलं’ हे शब्द इथे नकोत. झोपवलं म्हटलं तर मूल रात्री झोपायलाच घाबरतं. मारतात, कापतात, माणसं खातात, असं सरळ सांगावं आणि तिथे थांबावं. पुढचं मूल विचारील तेवढंच. कापताना बघायला लावणं आम्हाला मान्य नाही. मोठं मूल स्वतःहून बघतो म्हणालं तर त्याला मधूनच निघून जायची मुभा हवी.

सर्वांत वाईट चूक म्हणजे पिल्लांना नावं देऊ देणं आणि ती कापली जाणार आहेत हे नंतर सांगणं. मुलाला त्यात फसवणूक दिसते, आणि ते बरोबरच आहे. काही मुलं यानंतर मांस सोडतात. त्यांची चेष्टा करू नका, ताटात बळेच वाढू नका. डाळी, दूध, अंडी यांतून प्रथिनांची सोय करा. अंडी-दूधही सोडणाऱ्या मुलाच्या बी-१२ जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि तेच पिल्लू हातात घेऊन हसणारं, रात्री आवडीने मांस खाणारं मूलही निर्दयी नसतं. त्याला दोष देऊ नका.

सात वर्षांपुढच्या मुलांसाठी हा संच जरूर घ्या, त्याहून लहानांसाठी घाई नको. पैसे देण्याआधी विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा: परत नेलेल्या पिल्लांचं काय करता, आणि त्यातल्या नरांचं काय? स्वतः पाळणार असाल तर कोंबडे घ्यायला तयार असलेला माणूस आधी शोधा, कारण तीन-चार महिन्यांत ते पहाटे आरवायला लागतात. दोन्हीकडून ‘बघू’ असं उत्तर आलं तर अंडी मागवू नका.